रील दोनशे-तीनशे व्ह्यूजवरच का अडकते? गडहिंग्लजच्या चटणीवाल्या ताईंना सविस्तर उत्तर

गडहिंग्लजहून एका ताईंनी विचारलंय. त्या घरगुती कांदा-लसूण चटणी (काही भागांत हिला मसाला म्हणतात) करून विकतात. वर्षभरापासून इन्स्टाग्रामवर रील आणि यूट्यूबवर शॉर्ट्स टाकताहेत. बहुतेक व्हिडिओ दोनशे-तीनशे व्ह्यूजवर थांबतात. मध्ये एकच चाळीस हजारांवर गेला, पण त्यातून एकही ऑर्डर आली नाही. अकाउंटवर काही बंधन आलंय का, कोणत्या वेळी टाकायचं, हॅशटॅग कोणते, रोज तीन-तीन टाकू का, हिंदीत बोलू का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शिवाय एक जण पैसे घेऊन व्ह्यूज वाढवून देतो म्हणतोय, त्याचं काय करायचं तेही विचारलंय. सोबत एक व्हिडिओ आणि त्याच्या आकडेवारीचे स्क्रीनशॉट पाठवलेत.

ताई, मी छोट्या व्यावसायिकांसाठी असेच व्हिडिओ शूट आणि एडिट करतो. रोपवाटिका, साडीचं दुकान, खानावळ, गुऱ्हाळ, सगळीकडून हाच प्रश्न येतो. तुमचा व्हिडिओ मी एकदा आवाज चालू ठेवून पाहिला, एकदा बंद करून पाहिला आणि मग कोणत्या सेकंदापर्यंत किती जण टिकले हे दाखवणारा त्याचा आलेख बघितला. तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. ते फार उशिरा येतं, एवढीच अडचण आहे, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

आधी बंधनाची शंका मिटवू. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट स्टेटस’ नावाची जागा आहे. तुमचा एखादा व्हिडिओ नियमात बसत नसेल, किंवा तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जात नसतील, तर तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. ते उघडून बघा. तिथे हिरवी खूण असेल तर तुमच्यावर कुणी बंधन घातलेलं नाही आणि तो विषय डोक्यातून काढून टाका. लोक महिनोन्‌महिने ‘शॅडोबॅन’, म्हणजे न सांगता घातलेलं बंधन, असं म्हणत बसतात आणि व्हिडिओ आहे तसाच राहतो.

मग दोनशे-तीनशेवरच का थांबतं? नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवला जातो. त्यातले किती थांबले, किती वेळ पाहिलं, कुणी आवडल्याची खूण केली, कुणी दुसऱ्याला पाठवला, हे बघून पुढच्या जास्त लोकांना दाखवायचा की नाही हे ठरत जातं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये यातल्या तीन महत्त्वाच्या गोष्टी उघड सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, पाहणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात. तुम्हाला आधीपासून फॉलो करणाऱ्यांपर्यंत पोहोचायला लाइकचं वजन थोडं जास्त, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायला पाठवण्याचं वजन जास्त, असंही ते म्हणाले. तुम्हाला नवी गिऱ्हाइकं हवी आहेत, म्हणजे ‘हा व्हिडिओ कोण कुणाला पाठवेल?’ हा प्रश्न कामाचा. त्याकडे पुढे येतोच.

यूट्यूब शॉर्ट्सचं गणित थोडं निराळं आहे. तिथे आकडेवारीत किती जण थांबले आणि किती जणांनी वर सरकवून टाकला, हे वेगळं दिसतं. त्यातला थांबणाऱ्यांचा वाटा बघायची सवय लावा. व्ह्यूजच्या आकड्याला फार भुलू नका, कारण ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरला जातो, किती सेकंद पाहिला याची अट राहिलेली नाही. जुन्या पद्धतीचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ म्हणून आत वेगळा मिळतो आणि पैशांचा हिशेब त्याच्यावरच होतो. इन्स्टाग्रामही ऑगस्ट २०२४ पासून ‘व्ह्यूज’ हाच मुख्य आकडा दाखवतं आणि त्यात एकाच माणसाने पुन्हा पाहिलेलंही धरलेलं असतं. त्यामुळे शेजारणीचे यूट्यूबवरचे दहा हजार आणि तुमचे इन्स्टाग्रामवरचे दोन हजार यांची तुलना करून खट्टू व्हायचं कारण नाही.

आता तुमच्या व्हिडिओकडे येऊ. तो ५८ सेकंदांचा आहे. पहिली चार सेकंदं तुमचा लोगो फिरतो आणि मागे बासरी वाजते. मग तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून ‘नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर सर्वांचं मनापासून स्वागत’ म्हणता, त्यात सात सेकंदं जातात. पुढे ताटांमध्ये मांडलेली मिरची, खोबरं, तीळ, धणे, खसखस, दगडफूल यांवरून कॅमेरा सावकाश फिरतो. मग भाजणं, तळणं, डंकावरचं (मसाला कुटायच्या यंत्रावरचं) कांडप, आणि शेवटची आठ सेकंदं पाकिटांचा फोटो, फोन नंबर, ‘लाइक करा, शेअर करा’. तुमच्या आलेखात तिसऱ्या सेकंदालाच रेषा निम्म्याच्या खाली आली आहे. म्हणजे ज्यांनी सरकवला त्यांनी तुमची मिरचीसुद्धा बघितली नाही. त्यांना चटणी आवडली नाही असं म्हणता येणार नाही, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही.

आणि तेहतिसाव्या सेकंदाला, तळलेला कांदा झाऱ्यावर निथळताना, तुम्ही सहज बोलून गेलात: ‘कांदा असा चुरचुरीत झाला नाही ना, तर पावसाळ्यात चटणीला बुरशी येते बघा.’ ताई, अख्ख्या व्हिडिओतलं सोनं ते वाक्य आहे. ज्या घरात वर्षाची चटणी होते त्या घरात ही भीती असतेच. मी असतो तर सगळा व्हिडिओ त्याच वाक्यावर उभा केला असता. तो कसा, ते शॉटनिशी सांगतो. तुमच्याकडचंच चित्रीकरण यातल्या बऱ्याच भागाला पुरेल, दोन शॉट नव्याने घ्यावे लागतील.

पहिला शॉट तुमच्या बोटांचा. अगदी जवळून. तळलेल्या कांद्याचा एक काप दोन बोटांत धरून मोडायचा, आणि तो ‘कर्र’ आवाज स्वच्छ ऐकू आला पाहिजे. त्याच क्षणी तुमचा आवाज: ‘कांदा असा मोडला नाही, तर पावसाळ्यात चटणी बुरशीला गेलीच समजा.’ पडद्यावर मोठ्या अक्षरांत चार शब्द: ‘चटणीला बुरशी का येते?’ हे सगळं पहिल्या तीन सेकंदांत. नमस्कार नाही, लोगो नाही. लोकांना तुमचं नाव कळायला हवं तर ते व्हिडिओच्या खाली दिसतंच.

दुसरा शॉट: दोन कांदे शेजारी शेजारी. एक नुसता सोनेरी झालेला, वाकवला तर वाकणारा, आणि दुसरा गडद तपकिरी, मोडणारा. ‘हा दिसायला झालेला वाटतो, पण आत ओल आहे. ही ओलच पुढे त्रास देते.’ पाच-सहा सेकंदं पुरे. मग तळायच्या आधी कांदा उन्हात कसा पसरलाय तो शॉट, तुमच्याकडे आहेच, गच्चीवरचा. त्यावर किती दिवस ऊन देता ते सांगा. मग कढईत रंग बदलताना, सलग न दाखवता तीन टप्प्यांत कापून. मग डंक. डंकाचा ठोका आणि उडणारी लाल पूड हा तुमच्या हातातला सर्वांत देखणा शॉट आहे, त्यावर काही बोलू नका, दोन ठोके नुसते ऐकू द्या. शेवटी बरणीत चटणी दाबून भरताना वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि झाकण लावायचं. झाकण लागलं की व्हिडिओ संपला. निरोप घेऊ नका. निरोप सुरू झाला की अंगठा सरकतो, आणि तो न घेता व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर कांदा मोडल्याचा आवाज बरेच जण दुसऱ्यांदा ऐकतात.

असा व्हिडिओ साधारण २५ सेकंदांत बसेल. ५८चे २५ झाले म्हणून त्यातलं काही कमी झालं नाही, उलट बघणाऱ्याच्या हाती एक नक्की गोष्ट लागली. फोन नंबर आणि ऑर्डरची माहिती व्हिडिओखालच्या मजकुरात आणि प्रोफाइलवर ठेवा. मसाल्यांची ताटं वाया जाणार नाहीत, त्यांचा वेगळा व्हिडिओ होतो.

लांबीबद्दल एक गैरसमज अजून फिरतो. भारतात २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर जुलैमध्ये इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स इथे सुरू झाले. त्या काळात ‘१५ सेकंद, चालतं गाणं, पटापट कट’ हा मंत्र सगळ्यांनी पाठ केला आणि आजही तोच शिकवला जातो. दरम्यान शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत झाले, रील्स जानेवारी २०२५ मध्ये. लांबी विषयाने ठरवायची. कांद्याची गोष्ट २५ सेकंदांची आहे. ‘पाच किलो मिरचीला काय काय आणि किती लागतं’ याला दीड मिनिटही चालेल, कारण ते बघणारी बाई वही घेऊन बसलेली असते. जिथे आलेखात एकदम उतार दिसतो तिथे तुम्ही एकतर तेच पुन्हा सांगताय किंवा बघणाऱ्याला पुढचं आधीच कळलंय. त्या जागी कात्री लावा.

आता पाठवण्याबद्दल. व्हिडिओ काढायच्या आधी एक वाक्य वहीत लिहा: हा व्हिडिओ अमकी बाई तमक्या माणसाला पाठवेल, आणि पाठवताना असं म्हणेल. कांद्याच्या व्हिडिओचं वाक्य मला असं दिसतं: सासू पुण्यातल्या सुनेला पाठवेल, ‘बघ, गेल्या वर्षी आपलं हेच झालं.’ असं वाक्य सुचत नसेल तर त्या व्हिडिओला अजून विषय सापडलेला नाही. ‘आमची चटणी शुद्ध आणि चविष्ट’ हे कुणी कुणाला पाठवत नाही.

विषय कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर काय विचारतं ते लिहून ठेवा, बस. तिखट कमी पण रंग लाल पाहिजे, तर मिरची कोणती? संकेश्वरी आणि ब्याडगीचं प्रमाण किती धरायचं? मिरची भाजताना ठसका उठतो, त्यावर काय करता? चटणी आमटीत कधी घालायची, फोडणीत की नंतर? फोडणीत करपून रंग काळा का पडतो? परदेशात मुलाला पाठवायची तर पाकीट कसं बंद करायचं? मुंबईत ऊन मिळत नाही, फ्लॅटमध्ये मिरची कशी वाळवायची? यातला एकेक प्रश्न एकेक व्हिडिओ आहे. तुम्ही राहता ते गाव तर मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं आणि संकेश्वर तुमच्यापासून जवळच. बाजारात मिरचीचा ढीग बघून तुम्ही कशी पारखता, देठ बघता की वास घेता की मोडून बघता, हे पुण्या-मुंबईतल्या माणसाला कुठेच बघायला मिळत नाही. ते दाखवा. दहा व्हिडिओ मिरची पारखण्यावरच होतील आणि ते करताना तुमचा अभ्यास आपोआप दिसेल.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. हिंदीत जाऊ नका. हिंदीत बघणारे जास्त आहेत हे खरं, पण मसाल्यांचे हिंदी व्हिडिओही तितकेच जास्त आहेत, आणि कांदा-लसूण चटणी म्हणजे काय हे त्या प्रेक्षकाला आधी समजावून सांगावं लागेल. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक होते. तुमच्या एका डंकाला ते कमी नाहीत. बेळगाव, इंदूर, बडोदा, दुबई इथली मराठी घरं यातच येतात, आणि घरच्या चवीसाठी कुरियरचा खर्च सोसायची तयारी त्यांचीच असते. बोलताना पुस्तकी मराठीही नको. ‘बघा’, ‘हाय का न्हाई’ असं तुम्ही जसं डंकावर बोलता तसंच बोला. व्हिडिओत ‘स्वादिष्ट व पौष्टिक’ म्हणताना तुमचा आवाज बदलतो, घट्ट होतो, आणि ऐकणाऱ्याला जाहिरातीचा वास येतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण सगळे कॅमेऱ्याच्या मागे लागतात आणि आवाज सोडून देतात. तुमच्या व्हिडिओत बोलताना मागे मिक्सर चालू आहे. डंकावर तर कुणाचंच बोलणं ऐकू येणार नाही. म्हणून चित्र तिथे घ्या आणि बोलणं घरी येऊन, पंखा बंद करून, खिडकी लावून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून रेकॉर्ड करा. गाद्या-पांघरुणं असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. डंकाचा ठोका, कढईतला चर्र, मिरचीचे देठ खुडण्याचा आवाज हे मात्र तिथल्या तिथे वेगळे घ्या, फोन जवळ नेऊन दहा-दहा सेकंदं. हे आवाज म्हणजे तुमचं पार्श्वसंगीत. चालती गाणी सोडून द्या. व्यवसायाच्या अकाउंटला इन्स्टाग्रामवर बरीच गाणी मिळतच नाहीत, आणि माल विकायच्या व्हिडिओवर कुणाचं तरी गाणं परवानगीशिवाय लावणं हक्कांच्या दृष्टीने अडचणीचं आहे.

बरेच लोक बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या मुलाशेजारी आवाज बंद करून बघतात. त्यांच्यासाठी पडद्यावर शब्द हवेतच. देवनागरी अक्षरं ठळक आणि साधी ठेवा, सजावटीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि मात्रा कापल्या जातात. अ‍ॅपने आपोआप लिहिलेलं मराठी तसंच सोडू नका, एकदा वाचून दुरुस्त करा. अक्षरं खाली नकोत: तिथे तुमचं नाव, मजकूर आणि बटणं येतात. पडद्याचा खालचा तिसरा भाग आणि उजवी कड मोकळी सोडली की शब्द झाकले जात नाहीत. तुमच्या व्हिडिओत ‘लवंगी मिरची’मधला ‘मिरची’ नेमका लाइकच्या बटणाखाली गेलाय.

चित्राबद्दल तीनच गोष्टी. फोन उभा धरा. स्वयंपाकघरात फोनच्या लेन्सवर तेलाचा थर बसतो, प्रत्येक वेळी मऊ सुती कापडाने पुसा, निम्म्या लोकांचं धुरकट चित्र एवढ्यानेच सुधारतं. आणि लाल मिरची उन्हात घेताना फोन रंग भडक करून टाकतो, मिरचीच्या सुरकुत्या जाऊन नुसता लाल डाग दिसतो. पडद्यावर मिरचीवर बोट टेकवा, बाजूला सूर्याची खूण येईल, ती थोडी खाली ओढा. सुरकुत्या दिसायला लागल्या की थांबा.

वेळ कोणती, हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत कमी फरक पाडणारा प्रश्न. तुमच्या आकडेवारीत तुमचे लोक कोणत्या वेळी असतात ते दिसतं, त्याच्या थोडं आधी टाका आणि विसरून जा. चांगला व्हिडिओ आठवडे-महिने फिरत राहतो, शॉर्ट्स तर कधी कधी खूप उशिरा उचलले जातात. घड्याळापेक्षा तुमच्या धंद्याला हंगाम महत्त्वाचा आहे. चटणी उन्हाळ्यात होते, मार्च ते मे. म्हणजे मिरची कशी निवडायची याचे व्हिडिओ फेब्रुवारीतच यायला हवेत, वाळवण आणि भाजणं मार्च-एप्रिलमध्ये, आणि कांद्याचा हा बुरशीचा व्हिडिओ लोक कांदा चिरायला बसतात त्या सुमाराला. पावसाळ्यात बरणी उघडून ‘बघा, जून संपला तरी कशी आहे’ हेही होईल. वर्षाची वही अशी आखली तर दर आठवड्याला काय टाकू हा प्रश्न पडत नाही.

हॅशटॅगने पोहोच वाढत नाही, हे मोसेरींनी स्वतः अनेकदा सांगितलंय. हॅशटॅग फॉलो करायची सोयच इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. हॅशटॅगचा तो ढीग काढा. त्याऐवजी मजकुराच्या पहिल्या ओळीत लोक जे शोधतात ते साध्या वाक्यात लिहा: ‘कांदा लसूण मसाला वर्षभर टिकवण्यासाठी कांदा कसा तळायचा’. पुण्यामुंबईचे लोक ‘मसाला’ शोधतात, तुमच्याकडचे ‘चटणी’ म्हणतात, दोन्ही शब्द येऊ द्या. यूट्यूबवर शीर्षकातही हेच.

रोज तीन व्हिडिओ टाकू नका. घर, ऑर्डरी आणि पॅकिंग सांभाळून रोज तीन करायचे म्हटलं तर त्यातला एकही विचार करून होणार नाही. आठवड्याला दोन, पण नेमाने. चटणी कराल त्या दिवशी फोन स्टँडला लावून ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचे जवळचे, लांबचे, हातांचे, आवाजाचे असे छोटे तुकडे जमवा. एका दिवसाच्या कामातून महिनाभराचे व्हिडिओ निघतात. तोच व्हिडिओ दोन्हीकडे टाकायला हरकत नाही, मात्र एका अ‍ॅपचा शिक्का असलेला व्हिडिओ दुसरीकडे नको. असे शिक्केवाले व्हिडिओ कमी सुचवणार, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच जाहीर केलंय. एडिट झालेली कोरी प्रत फोनमध्ये जपा आणि तीच दोन्हीकडे चढवा. दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून टाकणाऱ्यांनाही एप्रिल २०२४ च्या बदलांनंतर सुचवण्यातून वगळायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे ‘शुभ सकाळ’चे उसने व्हिडिओ तुमच्या अकाउंटवर आहेत ते काढून टाकलेलेच बरे.

सुरुवात कोणती चांगली हे कळायला ‘ट्रायल रील’ नावाची सोय आहे, डिसेंबर २०२४ मध्ये आली. ती रील आधी फक्त तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांना दाखवली जाते. कांदा मोडण्यापासून सुरू होणारी एक आणि डंकाच्या ठोक्यापासून सुरू होणारी दुसरी, बाकी सगळं तेच, अशा दोन करून बघा. पहिल्या तीन सेकंदांनंतर कोणत्या रीलवर जास्त लोक टिकले ते बघा आणि ती सगळ्यांना दाखवा. माझा कौल कांद्याला आहे, कारण ठोका नजर धरतो पण प्रश्न मनात राहतो. तरी तुमच्या आलेखाने वेगळं सांगितलं तर आलेखाचं ऐका.

आता त्या चाळीस हजारांच्या व्हिडिओबद्दल. त्यात तुमची मुलगी मिरचीच्या ढिगापुढे एका चालत्या गाण्यावर ओठ हलवते. गोड आहे व्हिडिओ. पण तो बघणाऱ्यांना गाणं आवडलं होतं, चटणीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यातले काही तुम्हाला फॉलो करू लागले, तुमचा पुढचा चटणीचा व्हिडिओ त्यांच्यासमोर गेला आणि त्यांनी तो सरकवला. त्यानंतरचे तुमचे आकडे आणखी खाली गेलेत ते पाहा, कारण हेच असावं. चटणीच्या व्हिडिओला दोन हजार व्ह्यूज मिळाले आणि त्यातल्या तीस जणांनी ‘अर्धा किलो केवढ्याला?’ विचारलं, तर तो माझ्या लेखी त्या चाळीस हजारांहून मोठा व्हिडिओ. दर आठवड्याला वहीत प्रोफाइलवर किती आले, मेसेज किती आले, ऑर्डर किती झाल्या आणि कोणत्या व्हिडिओचं नाव घेऊन आले, हे लिहा. ऑर्डर घेताना ‘कुठे बघितलंत?’ एवढं विचारायला विसरू नका.

यूट्यूबच्या पैशांवर आत्ता डोळा ठेवू नका. शॉर्ट्सवरच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी वैध व्ह्यूज लागतात, आणि हे एंगेज्ड व्ह्यूज धरून. एक कोटी लोकांमागे धावण्यात जी शक्ती जाईल तिच्यातला थोडा भाग जरी मिरची पारखण्याच्या त्या व्हिडिओंना दिलात तरी चटणी जास्त विकली जाईल.

आणि व्ह्यूज विकत देणारा तो माणूस. त्याला नाही म्हणा, आजच. त्याने आणलेले व्ह्यूज बहुतेक यंत्रांचे किंवा पैसे घेऊन बटण दाबणाऱ्यांचे असतात. ते थांबत नाहीत, पाठवत नाहीत, चटणी मागत नाहीत. तुमचा व्हिडिओ हजारो जणांनी पाहिला आणि कुणालाच भावला नाही, एवढंच त्यातून नोंदवलं जातं, आणि पुढची वाट तुम्हीच अडवून ठेवता. दोन्ही अ‍ॅप्सच्या नियमांत हे बसत नाही, यूट्यूब असे व्ह्यूज काढूनही टाकतं. त्यातून तो तुमचा पासवर्ड मागत असेल तर अजिबात देऊ नका, वर्षभराची मेहनत एका दिवसात हातची जाईल. पैसे खर्चच करायचे असतील तर इन्स्टाग्रामची स्वतःची जाहिरात करा, पण जो व्हिडिओ पैशांशिवाय बरा चालला आणि ज्याच्यावर चौकशा आल्या तोच निवडा, आणि तुम्ही जिथे माल पोहोचवू शकता तेवढाच भाग निवडा. रक्कम छोटी ठेवा, आठ दिवसांनी चौकशा मोजा, मग पुढचं ठरवा.

शेवटी तुम्ही नवा महागडा फोन घेऊ का विचारलंय. सध्याचा पुरेसा आहे, त्यावर १०८० पिक्सेल रुंदी आणि १९२० पिक्सेल उंचीचं चित्र व्यवस्थित येतंय. त्याऐवजी पदराला लावायचा एक साधा माईक आणि फोन खाली बघत ठेवता येईल असा एक स्टँड घ्या. स्टँड डंकापासून जरा लांब लावा, ठोक्याने जमीन हलते आणि चित्र थरथरतं. कांद्याचा तो पहिला शॉट सकाळी, मागच्या दाराच्या उजेडात, फोन स्टँडला लावून घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. दोन-तीन काप मोडून बघा आणि ज्या कापाचा आवाज सर्वांत खणखणीत येईल तो ठेवा.